कुष्ठरोग, यकृत आणि सोनोग्राफी

प्रश्न : माझ्या थोरल्या भावाला (वय 52) जास्त जंतू असलेल्या प्रकारच्या कुष्ठरोगासाठी एमडीटी (अनेक औषधांचा एकत्रित उपचार) सुरू होऊन सात महिने झाले. पोट जड वाटते म्हणून केलेल्या सोनोग्राफीत ‘यकृत किंचित वाढलेले, ग्रेड 1 फॅटी लिव्हर’ असे आले आहे. हा रोग यकृतापर्यंत गेला, की हा गोळ्यांचा परिणाम आहे? गोळ्या बंद कराव्यात का?
— एक वाचक, चंद्रपूर

उत्तर : गोळ्या बंद करू नका, एवढ्या अहवालावरून तर मुळीच नाही.

कुष्ठरोग मुख्यतः त्वचेचा आणि नसांचा असला, तरी तुमच्या भावाच्या प्रकारात जंतू रक्तावाटे यकृतातही पोहोचतात आणि तेथे पेशींचे पुंजके तयार होतात. (आर्माडिलो या थंड अंगाच्या प्राण्याच्या यकृतात तर हे जंतू इतके वाढतात, की संशोधनासाठी ते तेथूनच मिळवले गेले.) माणसाच्या यकृताचे काम मात्र त्यामुळे सहसा बिघडत नाही, आणि हे पुंजके इतके सूक्ष्म असतात की ते सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतात, सोनोग्राफीत नाहीत.

सोनोग्राफीला यकृताचा आकार आणि पोत कळतो, कारण कळत नाही. यकृत नेहमीपेक्षा उजळ दिसले की ‘फॅटी’ (चरबी साठलेले) असे लिहिले जाते, आणि त्यामागे बहुधा वाढलेले वजन, मधुमेह किंवा दारू असते. रिअॅक्शनसाठी (कुष्ठरोगात त्वचा व नसांना अचानक येणाऱ्या सुजेसाठी) भावाला अनेक महिने प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड दिले होते का, हे तुम्ही लिहिलेले नाही. त्यानेही वजन, साखर आणि यकृतातील चरबी वाढू शकते.

गोळ्यांचे म्हणाल, तर एमडीटीत रिफाम्पिसिन हे औषध महिन्यातून एकदाच असते, त्यामुळे क्षयरोगातील रोजच्या डोसापेक्षा यकृताला त्याचा त्रास कमी होतो. एमडीटीतीलच डॅप्सोन या औषधाची गंभीर अॅलर्जी यकृताला इजा करते खरी, पण ती बहुधा पहिल्या दोन महिन्यांतच ताप, अंगावर पुरळ आणि कावीळ घेऊन येते. अशी इजा रक्ताच्या एलएफटी (यकृताचे काम पाहणाऱ्या) तपासणीत कळते. सोनोग्राफी तेव्हाही साधारण दिसू शकते. म्हणून एलएफटी, रक्तातील साखर आणि हिपॅटायटिस बी व सी या तपासण्या करून अहवाल एमडीटी देणाऱ्या डॉक्टरांना दाखवा. त्या ठीक असतील, तर बारा महिन्यांचा कोर्स पुरा करावा. दर महिन्याला सोनोग्राफी करत बसू नये.

डोळे पिवळे झाले किंवा तापाबरोबर पुरळ उठले, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा. रिफाम्पिसिन घेतल्यावर लघवी तांबडी होते आणि एमडीटीतील क्लोफॅझिमीन या औषधाने त्वचा काळपट पडते; ती कावीळ नव्हे.