समोरचे कॉल करतील याची शक्यता कशी काढायची?

तुम्ही विचारलंय, पोकरमध्ये समोर तिघे असतील तर आपल्या बेटला कॉल येण्याची, म्हणजे पत्ते न टाकता तेवढेच लावून कोणी सामोरं येण्याची शक्यता गणिताने काढता येते का. अर्धी येते. उरलेली अर्धी माणसं बघून काढायची असते. 'कॉल करेल नाहीतर नाही करणार, म्हणजे पन्नास-पन्नास' असं म्हणणाऱ्यांनी भिकार-सावकार खेळावं.

हे पन्नास-पन्नास आमच्या दिरांचं. कोथरूडला त्यांच्या गच्चीवर दर कोजागिरीला मसाला दुधाबरोबर टेक्सास होल्डेम रंगतं, चिंचोक्यांवर. (पोकरचाच प्रकार, दोन पानं हातात, बाकी मध्ये सगळ्यांसाठी उघडी.) भावजी बँकेत ऑफिसर, त्यामुळे आकडे म्हणजे त्यांचीच जहागीर. एका डावात मध्ये बदामची तीन पानं उघडी, माझ्या हातात बदामचाच एक्का नि छक्की, म्हणजे पाचही बदाम, भक्कम हात. पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, चाळीस चिंचोके, मीही चाळीस लावले. जाऊबाईंनी पानं टाकली, पॅक. हेही पॅक. भावजींनी चष्मा कपाळावर सरकवला, "वहिनी, बायकांचा ब्लफ चेहऱ्यावर दिसतो," म्हणाले आणि सत्तीच्या जोडीवर कॉल केला! संध्याकाळपासून जोडी हातात असताना हा माणूस एकदाही पॅक झाला नव्हता. ते माझा चेहरा बघत होते, मी हे बघत होते. घरात अजून त्याला माझं नशीब म्हणतात.

आता हिशेब. चाळीसच्या पॉटवर चाळीसचा ब्लफ, म्हणजे पानं नसताना दमदाटीने लावलेली बेट, निम्म्या वेळा चालला तर ना नफा ना तोटा. वीसचा असेल तर तीनातून एकदा पुरे. तिघंही प्रत्येकी ७० टक्के वेळा पॅक होत असतील, तर सगळे एकदम पॅक होण्याची शक्यता ०.७ × ०.७ × ०.७, जेमतेम ३४ टक्के. म्हणजे दोनतृतीयांश वेळा कोणीतरी कॉल करणारच. आणि तिघांत एक भावजी असले तर एका शून्याने अख्खा गुणाकार झोपतो. अशा माणसासमोर ब्लफ करायचाच नाही. पानं आली की मोठं लावायचं.

हे ७० कुठून आणायचे? कोण कुठल्या पानांवर शेवटपर्यंत बसला, ते दर शोडाउनला, म्हणजे शेवटी पानं उघडताना, लक्षात ठेवून.

हां, गुणाकार तंतोतंत बसत नाही. एकाने कॉल केला की मागचे सावध होतात, आणि बेटच्या आकाराबरोबर तो आकडाही हलतो. शिवाय दोन-चार डावांवरून माणूस कळत नाही, भावजींसारखा उघडा-वाघडा सोडून. आणि ऑनलाइन पैसे लावायला विचारत असाल तर विसरा, २०२५ च्या केंद्रीय कायद्याने त्यावर बंदीच आहे.