मुलगा सहा वर्षांचा झालाय, आता ताबा वडिलांना मिळेल का?

तुमचा मुलगा दहा महिन्यांपासून आईबरोबर सोलापूरला आजोळी आहे, तुम्ही पुण्यात. पाच वर्षं पूर्ण झाली म्हणून ताबा आपोआप तुमच्याकडे येत नाही. (तुम्ही दोघं हिंदू आहात असं धरून लिहितोय.) 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमातलं कलम 6 ताब्याबद्दल एवढंच सांगतं की पाच वर्षांखालचं मूल सर्वसाधारणपणे आईकडे असावं. पुढे कलम 13 लागतं, आणि त्यात मुलाचं हित सगळ्यांच्या वर.

हित म्हणजे पगार नव्हे. शाळेत कोण सोडतं, ताप आला की कोण जागतं, तुम्ही कामावर असताना घरी कोण असतं, हे विचारलं जातं. कुटुंब न्यायालयाचे समुपदेशक मुलाशी बोलतात, न्यायाधीशही चेंबरमध्ये बोलू शकतात. पढवलेलं मूल तिथे बहुधा ओळखू येतं आणि ते पढवणाऱ्याच्याच अंगाशी येतं. मूल रुळलेली शाळा मधूनच बदलायला न्यायालय सहसा तयार नसतं, म्हणून आधी भेटीचा अर्ज भक्कम करा.

1890 च्या पालक व पाल्य अधिनियमाखाली अर्ज मूल राहतं तिथे, म्हणजे सोलापूरला करावा लागेल. घटस्फोटाचा दावा पुण्यात चालू असेल तर हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम 26 खाली ताबा आणि भेट तिथेच मागता येते. मूळ अर्जाबरोबरच अंतरिम अर्ज, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या व्यवस्थेचा अर्ज, लावा. मूळ अर्जाला वर्षं लागू शकतात.

सगळ्यात जास्त घोळ भेटीच्या आदेशाच्या शब्दांत होतो. ‘सोयीनुसार भेट’ असं लिहिलं, की सोय कधीच होत नाही. कोणते शनिवार, किती ते किती, कुठे, मुलाला कोण आणणार, कोण पोचवणार, व्हिडिओ कॉल कोणत्या वारी किती वाजता, दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्टीची वाटणी, मूल आजारी पडून भेट चुकली तर बदली दिवस कोणता, हे सगळं अर्जातच मागा. इतक्या महिन्यांनी पहिल्याच फटक्यात मुक्काम मागितलात तर बहुतेक नाकारला जाईल. आधी न्यायालयातल्या मुलांच्या खोलीत काही भेटी, मग दिवसभर बाहेर, मग रात्रीचा मुक्काम, असे टप्पे सुचवा.

मुलाला आणलंच नाही, तर ठरलेल्या जागी तुम्ही हजर होतात याची नोंद त्याच दिवशी करा. भेट न्यायालयात असेल तर समुपदेशकांकडे लेखी द्या, बाहेर असेल तर पत्नीला मेसेज पाठवून जपून ठेवा. दोन-तीन वेळा झालं की अंमलबजावणीची दरखास्त टाका. रागाने पोटगी थांबवू नका. पोटगी आणि भेट हे वेगळे विषय आहेत, थकबाकी मात्र तुमच्याविरुद्ध वापरली जाते. मुलाला शाळेतून परस्पर उचलून आणण्याचा सल्ला नातेवाईक हमखास देतात. तो ऐकलात तर भेटीच्या अर्जाचंही नुकसान होईल.

ताब्याचा आदेश कायमचा नसतो. परिस्थिती खरंच बदलली, उदाहरणार्थ आई परदेशी चालली, तर बदलासाठी नव्याने अर्ज करता येतो.