‘कुठे बोलू नकोस’ म्हणणाऱ्या आईलाच विचार

मावशी, मी चौतीस वर्षांची, एका प्रकाशनात मुद्रितं तपासते. गेल्या वर्षी भावाच्या मुलाला ऑटिझम असल्याचं निदान झालं. डॉक्टर त्याच्याबद्दल जे विचारत होते, त्यातलं बरंचसं मलाच लागू होतं. गॅस एजन्सीला फोन करायचा तरी मी आधी वाक्यं कागदावर लिहून काढते. लग्नकार्यात तासाभराने गच्चीवर जाऊन बसते. तपासणी करून घ्यावीशी वाटते, नवऱ्याचीही साथ आहे. पण आई म्हणते, “इतकी वर्षं काही झालं नाही, आता कसला शिक्का मारून घेतेस? धाकटीचं जमायचंय, कुठे बोलू नकोस.” काय करू?
– र., नवी पेठ

प्रिय र.,

तुझ्या पत्रात तपासणीपेक्षा आईच जास्त आहे, म्हणून आधी तिचंच घेते. मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचं म्हटलं की पुण्यात अजूनही कुणीतरी “येरवड्याला का?” म्हणून हसतं, तिथं मनोरुग्णालय आहे ना. तुझी आई हा विनोद ऐकतच मोठी झाली. त्यात घरात स्थळं बघणं चालू. ती घाबरलीय, एवढंच मला दिसतं. पण “काही झालं नाही” हे मात्र मला पटत नाही. झालं, तू ते एकटीने निभावलंस, म्हणून तिच्यापर्यंत पोचलं नाही. तुझ्या शाळेच्या दिवसांत गप्प बसणारी, अभ्यासात बरी मुलगी कुणाला खटकणार? उलट “किती शहाणी!” म्हणून कौतुकच झालं असेल.

आता खरी अडचण ऐक. ऑटिझम मोठेपणी जडत नाही, त्यामुळे तपासणीत लहानपणाबद्दल खोदून विचारतात. बोलायला कधी लागली, कुणाशी आणि कसं खेळायची, कशाने बिथरायची. हे तुला कुठून आठवणार? ते आईलाच ठाऊक. तेव्हा ‘तपासणी’ हा शब्दही न काढता एखाद्या दुपारी मेथी निवडताना विचार, “मी लहानपणी कशी होते गं?” लोकरीचा स्वेटर टोचतो म्हणून रडायचीस का, पाहुणे आले की कुठे दडायचीस, सगळं निघेल. लिहून ठेव. माळ्यावर जुनी प्रगतिपुस्तकं असतील तर तीही काढ, “हुशार आहे पण मिसळत नाही” असले शेरे कामाला येतात.

तपासणी मानसोपचारतज्ज्ञ किंवा भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट करतात. बहुतेकांकडे लहान मुलंच येतात, म्हणून “मोठ्या माणसांची ऑटिझमची तपासणी करता का, फी किती, किती वेळा यावं लागेल?” हे अपॉइंटमेंट घेतानाच विचार. रक्ताची चाचणी किंवा स्कॅन करून हे कळत नाही. गप्पा, प्रश्नावल्या, निरीक्षण, असंच चालतं. इंटरनेटवरची पन्नास प्रश्नांची चाचणी तू सोडवली असशीलच. ती केंब्रिजच्या संशोधकांची आहे, पण तिचे गुण म्हणजे निदान नव्हे. चिंता किंवा एडीएचडीमुळेही (लक्ष टिकत नाही, चंचलता फार, तो त्रास) अशाच तक्रारी असू शकतात, कधी ऑटिझमच्या जोडीने हेही असतं. निदान “ऑटिझम नाही” असं आलं तरी गच्चीवर का जावं लागतं, याचं उत्तर मागूनच बाहेर पड.

शिक्क्याचं म्हणशील, तर अहवाल तुझ्या हातात मिळतो. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने गोपनीयतेचा हक्क दिलाय, तुला विचारल्याशिवाय डॉक्टर तुझ्या सासरी किंवा ऑफिसात कळवू शकत नाहीत. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, पण ते प्रमाणपत्र वेगळं, त्यासाठी वेगळा अर्ज. नको असेल तर करू नकोस.

आणि निदानाची वाट न बघता काही गोष्टी आजपासून करता येतात. विसर्जनाची मिरवणूक तुमच्या भागातून दुसऱ्या दिवसापर्यंत वाजत असते. आवाज अडवणारे हेडफोन घे, किंवा सरळ दोन दिवस गावाबाहेर जा. “माणूसघाणी” म्हणतील. म्हणू देत.

राहिली धाकटी. ऑटिझममध्ये आनुवंशिकतेचा मोठा वाटा असतो, हे आईपासून लपवू नकोस. पण भाच्याचं निदान आधीच झालंय. तू तपासणी केलीस म्हणून घराण्यात नवं काही येत नाही. बहिणीला मात्र तू स्वतः सांग, आईकडून अर्धवट कळायच्या आत. पुढे स्थळाला काय सांगायचं, कधी सांगायचं, ते तुम्ही दोघी बसून ठरवा.

– मावशी