'आयडीएच वन्य प्रकार' म्हणजे गाठ जंगली का?

प्रश्न नाशिकरोडच्या एका ताईंचा आहे. भावाच्या मेंदूतली गाठ काढली, तुकडा तपासायला गेला आणि रिपोर्ट आला: 'ग्लायोब्लास्टोमा, आयडीएच वाईल्ड टाइप, ग्रेड ४, एमजीएमटी प्रमोटर मेथिलेटेड'. (ग्लायोब्लास्टोमा हा मेंदूतल्या कॅन्सरचा एक प्रकार.) घरच्यांना कळावं म्हणून ओळखीतल्या कुणी त्याचा मराठी सारांश करून दिला. त्यात 'आयडीएच वन्य प्रकार, चौथी स्टेज' असं लिहिलंय, पुढे 'गाठीची आनुवंशिक चाचणी केली' हे वाक्य, आणि शेवटची मेथिलेशनची ओळ गाळलेली. आईंनी 'वन्य' वाचून गाठ जंगली, म्हणजे कशालाच न जुमानणारी, असं धरलं. वहिनी 'आनुवंशिक' वाचून हादरल्या, कारण घरात दोन लहान मुलं. हे शब्द बरोबर आहेत का, नसतील तर काय लिहावं, असं ताई विचारतात.

दोन्ही शब्द बदला. आधी 'वन्य' घेऊ.

'वाईल्ड टाइप' ही संज्ञा रूढ झाली ती फळमाश्यांच्या अभ्यासातून. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात थॉमस हंट मॉर्गन बाटल्यांमध्ये फळमाश्या वाढवत होते. १९१० साली लाल डोळ्यांच्या माश्यांमध्ये त्यांना पांढऱ्या डोळ्यांचा एक नर दिसला. मोकळ्या निसर्गात सर्रास सापडते ती लाल डोळ्यांची माशी, म्हणून ती 'वाईल्ड टाइप'. पांढऱ्या डोळ्यांची ती 'म्यूटंट', बदललेली. जनुकशास्त्रात या विशेषणाचा एवढाच अर्थ आहे: जसं मुळात होतं तसंच, बदल न झालेलं. शिवाय ताईंच्या रिपोर्टमध्ये ते विशेषण गाठीचं नाहीच, आयडीएच नावाच्या जनुकाचं आहे. गाठीतल्या पेशींमध्ये हे जनुक न बदललेलं आढळलं, असं ती ओळ सांगते.

आता मराठीचं बघा. 'रान' हा आपल्याकडे घाबरवणारा शब्द नाही. निफाड-दिंडोरीकडे 'दादा रानात गेलेत' म्हणजे शेतात गेलेत. रानमेवा, रानभाज्या आपण आवडीने आणतो. पण 'रान'चं 'वन्य' केलं की सूर पालटतो, आणि नाशिक जिल्ह्यात 'वन्य प्राणी' म्हटलं की उसात दडलेला बिबट्याच आठवतो. 'जंगली' तर त्याहून वाईट. मूळ अर्थाला सगळ्यात जवळचा मराठी शब्द खरं तर 'गावरान' आहे. गावरान बियाणं, गावरान कोंबडी: कुणी हात न लावलेला, पूर्वीपासून चालत आलेला वाण. अर्थ नेमका बसतो, पण रिपोर्टमध्ये हा शब्द कुणी लिहिणार नाही आणि लिहूही नये.

मग 'आयडीएच नॉर्मल' किंवा 'सामान्य' का लिहू नये? हा पर्याय मला 'वन्य'पेक्षाही धोक्याचा वाटतो. साखर नॉर्मल, बीपी नॉर्मल, तसं आयडीएच नॉर्मल म्हटलं की घरातला माणूस सुटकेचा श्वास टाकतो. इथे गोष्ट उलटी आहे. २००८ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २२ ग्लायोब्लास्टोमा गाठींमधली वीस हजारांहून जास्त जनुकं वाचून काढली, तेव्हा काही गाठींमध्ये आयडीएच-१ या जनुकात ठरावीक ठिकाणी बदल दिसला. ज्यांच्या गाठीत तो होता ते रुग्ण बहुधा तरुण होते आणि इतरांपेक्षा जास्त काळ जगले. पुढे हा फरक इतका ठळक ठरला की जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या वर्गीकरणात प्रौढांमधल्या ग्लायोब्लास्टोमाची व्याख्याच आयडीएच न बदललेली गाठ अशी झाली. बदल असलेल्या, पूर्वी ग्लायोब्लास्टोमाच म्हटल्या जाणाऱ्या गाठी आता ॲस्ट्रोसायटोमा या नावाखाली जातात. उपचारातही फरक पडतो. अमेरिकेत ऑगस्ट २०२४ मध्ये मान्यता मिळालेलं व्होरासिडेनिब हे औषध ग्रेड २च्या, आयडीएच बदललेल्या गाठींसाठी आहे. बदललेल्या जनुकापासून तयार होणारं एन्झाइम (पेशीतल्या क्रिया घडवणारं प्रथिन) रोखणं हेच त्याचं काम, त्यामुळे जिथे बदल नाही तिथे त्याला लक्ष्यच नाही.

म्हणून 'वन्य' नको कारण तो भलत्या कारणाने घाबरवतो, आणि 'सामान्य' नको कारण तो भलता धीर देतो. मी 'मूळरूप' सुचवतो: 'आयडीएच जनुक मूळरूपात, बदल आढळला नाही'. हा शब्द बरं-वाईट काहीच म्हणत नाही, आणि ते म्हणणं डॉक्टरांचं काम आहे. एकट्या या शब्दावरून गाठ उग्र की सौम्य हे ठरतही नाही. लहान मुलांमध्ये आढळणारी पायलोसायटिक ॲस्ट्रोसायटोमा ही ग्रेड १ची गाठ असते, आणि तिच्यातही आयडीएच सहसा मूळरूपातच असतं.

आता वहिनींना हादरवणारा शब्द. इंग्रजीत 'जेनेटिक' हा एकच शब्द दोन अर्थांनी फिरतो. मराठीत सुदैवाने दोन शब्द आहेत. 'जनुकीय' म्हणजे जनुकांविषयीचं. 'आनुवंशिक' म्हणजे वंशातून पुढे जाणारं. (पहिलं अक्षर 'आ'. 'अनुवंश'ला 'इक' लागला की आद्य स्वराची वृद्धी होते, 'समाज'चं 'सामाजिक' होतं तशी. 'अनुवंशिक' सर्रास दिसतं, पण चूक आहे.) गाठीची झाली ती जनुकीय चाचणी. ती गाठीतल्या पेशींची होती, घराण्याची नव्हती.

नाशिककरांना हा फरक द्राक्षबागेतून चटकन कळेल. वेलीच्या एखाद्या डोळ्यात निसर्गतः बदल होतो आणि त्यातून फुटलेल्या काडीवर वेगळेच मणी धरतात. बाकीची वेल जशीच्या तशी. लांबट मण्यांची सोनाका ही जात थॉम्पसन सीडलेसमधल्या नैसर्गिक बदलातूनच मिळाली. बदल जनुकातला खरा, पण तो आधीच्या वेलीकडून आलेला नव्हता. मेंदूतल्या बहुतेक गाठींचं असंच असतं: माणूस जन्मल्यानंतर कधीतरी एखाद्या पेशीत बदल साचत गेले आणि तिच्यापासून गाठ झाली. ते बदल बीजपेशींमध्ये नसतात, म्हणून मुलांकडे जात नाहीत. अपवाद आहेत. न्यूरोफायब्रोमॅटोसिस किंवा ली-फ्रॉमेनी सिंड्रोम असलेल्या घराण्यांमध्ये गाठींचा धोका खरोखर वंशातून उतरतो, पण ते ओळखायला घरातला आजारांचा इतिहास आणि बहुधा रक्ताची वेगळी चाचणी लागते. वहिनींनी तेवढा एक प्रश्न डॉक्टरांना थेट विचारावा: 'हा बदल फक्त गाठीतला, की घराण्यातला?'

गाळलेली ओळ मात्र परत घाला, ताई. उपचारांच्या दृष्टीने सारांशातली ती सगळ्यात कामाची ओळ होती. टेमोझोलोमाइड हे औषध गाठीच्या पेशींमधला डीएनए बिघडवतं. एमजीएमटी जनुकापासून तयार होणारं प्रथिन तो बिघाड दुरुस्त करतं, म्हणजे औषधाची मेहनत पुसून टाकतं. त्या जनुकाच्या प्रमोटरवर, म्हणजे ते चालू करणाऱ्या भागावर, मेथिल गट चढले की जनुक गप्प बसतं, दुरुस्ती थंडावते आणि औषधाला वाव मिळतो. रॉजर स्टुप यांच्या गटाने २००५ साली ग्लायोब्लास्टोमाच्या ५७३ रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष मांडले: नुसतं रेडिएशन दिलेल्यांपैकी दोन वर्षांनी १०.४ टक्के हयात होते, जोडीला टेमोझोलोमाइड दिलेल्यांपैकी २६.५ टक्के. त्याच वेळी मोनिका हेगी यांनी त्याच चाचणीतल्या गाठींची एमजीएमटी तपासणी मांडली. ज्यांचा प्रमोटर मेथिलेटेड होता आणि ज्यांना दोन्ही उपचार मिळाले, त्यांच्यात हे प्रमाण ४६ टक्के होतं. मराठीत इथे 'मेथिलयुक्त' लिहून कुणालाच काही कळणार नाही. 'एमजीएमटी जनुक मेथिलेशनमुळे निष्क्रिय' असं लिहा.

सारांश मी असा लिहीन: 'ग्लायोब्लास्टोमा, ग्रेड ४. गाठीची जनुकीय चाचणी केली. आयडीएच जनुक मूळरूपात, बदल आढळला नाही. एमजीएमटी जनुक मेथिलेशनमुळे निष्क्रिय.'

यात 'चौथी स्टेज' नाही, हे लक्षात आलं असेल. स्टेज म्हणजे रोग शरीरात कुठवर पसरला याचा टप्पा, आणि मेंदूतच सुरू झालेल्या अशा गाठींना सहसा स्टेज देत नाहीत. ग्रेड गाठीच्या पेशींचा स्वभाव सांगतो. ग्रेड ४ म्हणजे वेगाने वाढणारी गाठ, हे खरं आहे आणि ते घरच्यांपासून लपवू नये. पण आपल्याकडे 'चौथी स्टेज' ऐकलं की लोक अंगभर पसरलेला कॅन्सर समजतात, आणि तसं या रिपोर्टमध्ये कुठेही म्हटलेलं नाही.