वाण नाही पण गुण लागला : रंगाच्या शब्दांविषयी

बोरिवलीहून एका वाचकांनी विचारलं आहे : 'पार्सल घेऊन आलेल्या मुलाबद्दल वॉचमनला सांगताना मी "तो काळा, उंच मुलगा" असं म्हटलं. माझी कॉलेजात जाणारी मुलगी भडकली. म्हणाली, असं बोलायचं नसतं, फार तर "सावळा" म्हण, नाहीतर "डस्की". रंगाचा उल्लेख केला की अपमान होतो का? आणि "सावळा" हा शब्द खरंच जास्त सभ्य आहे का?'

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तो ऐकून ऐकून कान किटले आहेत. नाही. 'सावळा' म्हणजे सभ्य भाषेतला 'काळा' नव्हे. संस्कृत 'श्यामल'चा मराठीत 'सावळा' झाला. ग्रामचं गाव, नामचं नाव, कोमलचा कोवळा, आमलकाचा आवळा झाला त्याच वाटेने, म्हणजे मधल्या 'म'चा 'व' होऊन. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात कृष्ण, नील, असित, श्याम, काल, श्यामल, मेचक हे सगळे शब्द एकाच रंगाचे पर्याय म्हणून एका ओळीत बसले आहेत. त्यात कुणी सभ्य नाही आणि कुणी असभ्य नाही. मराठीने पुढे त्यांत छटेचा फरक केला : काळा म्हणजे गडद, सावळा म्हणजे त्याहून फिका. तेव्हा काळ्या माणसाला सावळा म्हणणं म्हणजे सहा फुटी माणसाला मध्यम उंचीचा म्हणण्यासारखं आहे. वर्णन चुकतं ते चुकतंच, शिवाय काळेपण ही झाकून ठेवायची गोष्ट आहे असं न बोलता कबूल केलं जातं. 'डस्की'चं तेच. वर्तमानपत्रांतल्या 'कृष्णवर्णीय'चंही तेच. संस्कृतात किंवा इंग्रजीत गेलं की शब्द सोवळा होतो, हा समज मला अजिबात मान्य नाही.

आता 'वर्ण' हा शब्द आलाच आहे, तर मुद्द्याकडे वळते. 'माणसाचं वर्णन करताना वर्ण सांगावा का', असा तुमचा प्रश्न मांडला, तर एकच शब्द दोनदा उच्चारला जातो हे लक्षात आलं का? 'वर्ण्' म्हणजे रंगवणं, चितारणं. त्यावरून वर्णन म्हणजे शब्दांनी चितारणं. त्याच 'वर्ण'पासून प्राकृतात 'वण्ण' झाला आणि जुन्या मराठीत 'वानणे', म्हणजे वाखाणणे. संतांच्या अभंगांत 'काय वानू' असं येतं, ते हेच. कुणाला वाखाणायचं म्हणजे त्याला रंगांत उतरवायचं, इतकी ही कल्पना आपल्या भाषेत खोल गेलेली आहे.

आणि याच घराण्यातला एक शब्द आपण रोज वापरतो आणि रोज चुकीचा समजतो. 'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला.' यातला 'वाण' म्हणजे काय? मराठीच्या शिक्षकांनीसुद्धा मला 'जात' असं सांगितलं आहे. एका म्हणींच्या संग्रहात 'बियाण्याचं वाण असतं तसं' असा खुलासा वाचला. एका पाहुण्या व्याख्यात्यांनी तर संक्रांतीच्या वाणाशी नातं जोडलं. संक्रांतीचं वाण 'वायन'पासून आलं, त्याचा इथे काडीचाही संबंध नाही. बियाण्याचं वाण हा निदान चुलतभाऊ तरी आहे. पण म्हणीतला वाण म्हणजे रंग. सरळ, साधा, कातडीवरचा रंग. पुरावा म्हणीतच उभा आहे : ढवळ्या म्हणजे धवल, पांढरा बैल. पवळ्या म्हणजे पोवळ्याच्या, प्रवाळाच्या रंगाचा, तांबूस. दोघांची नावंच रंगांवरून पडलेली. शेजारी बांधून तांबड्याचा पांढरा होत नाही, पण एकाच्या खोडी दुसरा उचलतो, एवढं म्हण सांगते. 'जात' अर्थ घेतला तर दोन बैलांना रंगांची नावं देण्याचं कारणच उरत नाही.

यावर एक जाणकार माझ्याशी हटकून वाद घालतात. त्यांचं म्हणणं : कर्णचा कान होतो, पर्णाचं पान होतं, मग वर्णचा 'वान' व्हायला हवा, 'वाण' नव्हे. म्हणून हा शब्द वेगळा. नियम बरोबर सांगतात, निष्कर्ष चुकीचा काढतात. माझी आजी साताऱ्याकडची, सगळं आयुष्य लालबागच्या चाळीत गेलेली. ती म्हणायची, 'वान न्हाई पन गुन लागला.' तिच्या तोंडी पाणी 'पानी' होतं, लोणी 'लोनी' होतं, कोण 'कोन' होता. तिचा 'वान' अगदी नियमाबरहुकूम होता! माझं मत असं की ही म्हण कागदावर उतरवणाऱ्या शिकलेल्या माणसांनी गावाकडचा प्रत्येक 'न' अशुद्ध धरला, पानीचं पाणी केलं, गुनचा गुण केला, आणि त्याच झपाट्यात बिचाऱ्या 'वान'चाही 'वाण' करून टाकला. 'गुण'शी यमकही जुळलं. शुद्ध बोलत होती ती आजी, चुकले ते शुद्धलेखनवाले. हे मी गेली वीस वर्षं सांगते आहे आणि अजून कुणी मला पटेल असं खोडून काढलेलं नाही.

पवळ्याला 'पिवळा' मानणारेही आहेत. पिवळा येतो 'पीतल'पासून, त्यातला 'पि' सहजासहजी 'प' होत नाही. मी पोवळ्याच्याच बाजूची.

वर्णाचा विषय निघाला की कुणीतरी 'चातुर्वर्ण्य म्हणजे मुळात कातडीचे चार रंग' असं ठोकून देतो, तेही इथेच निकालात काढते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली 'शूद्र पूर्वी कोण होते' या ग्रंथात ऋग्वेदातला 'वर्ण' आणि पारशांच्या अवेस्ता या धर्मग्रंथातला 'वरण' शेजारी ठेवून, या शब्दाचा मूळ संबंध श्रद्धेशी आहे, रंगाशी नाही, असं मांडलं. गोरे आर्य आणि काळे दास ही मांडणी त्यांनी झुगारली. रंग हा अर्थही 'वर्ण'ला जुन्या काळापासून आहे, त्याबद्दल मला शंका नाही. पण त्यावरून समाजाची उतरंड कातडीच्या रंगावर लावली गेली असं म्हणणाऱ्यांनी आधी ते प्रकरण वाचावं आणि मग बोलावं.

आता अपमानाकडे. अपमान असतो, पण तो तुमच्या मुलीने शोधला तिथे नेहमी नसतो. 'काळा' हे रंगाचं नाव आहे. काळी म्हणजे पिकाची जमीन, आणि 'काळी आई' म्हणताना कुणाच्या मनात कमीपणा येत नाही. मुंबईत काळी-पिवळीला हात करताना येत नाही. विटेवरचा विठोबा काळ्या दगडाचा आहे आणि त्याला सावळा म्हणून आळवणाऱ्यांना त्याचा रंग लपवायचा नसतो. घाव घालतात ते दुसरेच शब्द, आणि ते अगदी मऊ असतात. 'मुलगी चांगली आहे, रंगानं जरा डावी.' 'रंग कमी आहे.' 'सावळी असली तरी नाकीडोळी नीटस.' यातला 'डावी', यातला 'कमी', यातला 'असली तरी'. स्थळांच्या जाहिरातींत गोरी, निमगोरी, गव्हाळ अशी शिडी लावलेली असते आणि काळीसाठी त्या शिडीला पायरीच नसते. 'फेअर अँड लव्हली' १९७५ साली बाजारात आली आणि २०२० साली तिचं नाव 'ग्लो अँड लव्हली' झालं. 'गोरी'च्या जागी 'उजळ' आलं. मराठी घरांत तर 'उजळ' हा शब्द गोरेपणासाठी आधीपासूनच होता, त्यामुळे नाव बदललं तरी अर्थ फारसा हलला नाही.

गंमत अशी की ज्या 'गोरा'साठी हा सगळा आटापिटा, त्याचं मूळ 'गौर' अमरकोशात पांढऱ्याच्या यादीतही आहे आणि हळदीसारख्या पिवळ्याच्या यादीतही. आणि 'गोरागोमटा'तल्या 'गोमटा'चा रंगाशी काही संबंध नाही. गोमटा म्हणजे देखणा, चांगला. काळीगोमटी मुलगी असू शकते, आणि तसं म्हटलं पाहिजे.

रंग सांगणं कधी आवश्यकच असतं. आपल्या लोकल स्टेशनांवर लोहमार्ग पोलिसांच्या फलकावर अनोळखी मृतांचे फोटो लावलेले असतात, खाली लिहिलेलं असतं : वर्ण सावळा, बांधा मध्यम, अंगात निळा शर्ट. तिथे 'सावळा' शब्दावरून एखाद्या आईला मुलगा सापडतो. मी त्या फलकापुढून कधीच नुसती पुढे जात नाही. तिथे कुणी रंग वगळला तर तो अन्याय होईल.

तुमच्या पार्सलवाल्या मुलाचं वेगळं. त्याने कोणतं पार्सल आणलं, कितव्या मजल्यावर गेला, पाठीवर कंपनीची कोणत्या रंगाची पिशवी होती, एवढ्यावर वॉचमनने त्याला ओळखला असता. तुमच्या मनात काही नव्हतं हे मला मान्य आहे. पण हाच मुलगा गोरा असता तर तुम्ही 'तो गोरा मुलगा' असं म्हणाला असता का? नसता, तर मुलीचं चिडणं बरोबर आहे. फक्त तिला सांगा, उपाय 'डस्की' नव्हे.

आणि एक विनंती. ज्यांच्या गावी अजून बैलजोडी आहे आणि त्यातल्या एकाचं नाव पवळ्या आहे, त्यांनी त्याचा रंग मला जरूर कळवावा. तांबूस असला तर लगेच कळवा. पिवळा असला तरी कळवा.