शिकागोहून एका दिवसात सात वर्षांच्या मुलासह इंडियाना ड्यून्सच्या तिन्ही टेकड्या होतील का?

हो, आरामात होतील, फक्त सकाळी लवकर चढायला लागा. मिशिगन सरोवराकाठच्या इंडियाना ड्यून्स स्टेट पार्कमध्ये माउंट जॅक्सन (176 फूट), होल्डन (184) आणि टॉम (192) या तिन्ही टेकड्या जोडणारी वाट जेमतेम दीड मैलाची आहे. आम्ही मुलांना घेऊन तिथे जातो, म्हणून सांगते: अंतराला घाबरू नका, दमवते ती वाळू. पाऊल टाकलं की ती खाली सरकते आणि अर्धी चढण वाया जाते. मुलं मात्र हातपाय टेकत भराभर वर पोचतात! उन्हाळ्यात दुपारी वाळू तळपाय भाजेल इतकी तापते, त्यामुळे बूट हवेतच. पाणीही वाटतं त्याहून जास्त घ्या. वाटेबाहेरच्या गवतावर कृपया पाय देऊ नका, त्याच्या मुळांनीच टेकडी धरून ठेवलेली असते.

एक लक्षात ठेवा, शेजारचं नॅशनल पार्क वेगळं आहे आणि त्याचा पास इथे चालत नाही. तिथल्या माउंट बाल्डीवर मुलाला परस्पर चढवू नका. 2013 मध्ये तिथे एक लहान मुलगा वाळूतल्या खड्ड्यात गाडला गेला होता, सुदैवाने वाचला.