निवटीला उभयचर म्हणावं का?

प्रश्न असा आहे: पाण्यात आणि जमिनीवर, दोन्हीकडे वावरणाऱ्या माशांना मराठीत ‘उभयचर’ म्हणता येईल का? आणि चिखलात उड्या मारणाऱ्या ‘मडस्किपर’ या माशाला आपला शब्द कोणता?

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण ते सोपं आहे. शब्द आहे निवटी, अनेकवचन निवट्या. कुठे कुठे पुल्लिंगी निवटा, निवटे असंही ऐकू येतं. मुंबई, ठाणे, रायगडच्या खाडीकाठी हा रोजच्या बोलण्यातला शब्द आहे. बिळात हात घालून निवट्या पकडतात, बाजारात त्या जिवंत वळवळत विकायला येतात आणि त्यांचं कालवण होतं. इतका चालता शब्द असताना ‘चिखलउड्या मासा’ असलं काही घडवू नये, असं मला मनापासून वाटतं.

ओहोटीला तिवरांच्या कडेचा चिखल उघडा पडला की निवटी नीट पाहून घ्यावी. डोळे थेट डोक्याच्या माथ्यावर. पुढचे दोन पर कुबड्यांसारखे टेकत ती सरकते आणि शेपटीच्या झटक्याने उडी मारते. कल्ल्यांच्या पोकळीत पाणी धरून ठेवते. शिवाय ओल्या त्वचेतून आणि तोंडाच्या आतल्या अस्तरातून हवेतला प्राणवायू घेते. म्हणूनच ती अंग कोरडं पडू देत नाही, मधूनमधून चिखलात लोळते. डोळेसुद्धा खोबणीत आत ओढून ओले करून घेते.

आता ‘उभयचर’. जलचर, भूचर, निशाचर यांतला ‘चर’ म्हणजे वावरणारा. या अर्थाने निवटी शंभर टक्के उभयचर आहे. अडचण येते ती जीवशास्त्रात. तिथे उभयचर हे एका वर्गाचं नाव आहे आणि त्यात बेडूक, पालीसारखा दिसणारा सॅलॅमँडर आणि गांडुळासारखं दिसणारं बिनपायाचं देवगांडूळ येतात. बेडकाचं पिल्लू कल्ल्यांनी श्वास घेतं आणि मोठेपणी त्याला फुप्फुसं येतात. निवटीत असा पालट होत नाही, ती जन्मभर मासाच राहते. तेव्हा ‘निवटी हा उभयचर मासा आहे’ हे वाक्य बिनधास्त लिहावं, पण ‘निवटी उभयचर वर्गात मोडते’ हे चूक.

हे विशेषण सैल हाताने वाटूही नये. मरळ पाण्यावर तोंड काढून हवा घेते, ओल्या टोपलीत बराच वेळ जगते. पण तिचं राहणं, खाणं, वीण सगळं पाण्यातच. ती हवा घेणारा मासा, उभयचर नव्हे. पहिल्या पावसात ओढ्यातून भातखाचरांत शिरणारे चढणीचे, म्हणजेच वलगणीचे मासेही नव्हेत. ते चढतात ते वाहत्या पाण्यातूनच. आफ्रिकेतला फुप्फुसमासा तळं आटलं की चिखलात स्वतःभोवती कोश करून महिनोन्‌महिने पडून राहतो, पण त्या काळात तो जमिनीवर वावरत नाही. ‘चर’ त्यालाही लागू पडत नाही.